शेवटची कधी घेतली?

कॅज्युअल्टीच्या दारातून पेशंट आत येण्याआधी त्याच्याबद्दलचा एक शब्द आत येतो. बाहेर जीप थांबते, चारजण मिळून एकाला उतरवतात आणि स्ट्रेचर पुढे सरकायच्या आतच कुणीतरी ओरडून सांगतं. यवतमाळ जिल्ह्यात माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा तो शब्द ‘टाइट’ होता. ‘लय टाइट हाय जी मॅडम, पेला हाय.’ पुढे सिंधुदुर्गात बदली झाली, तिथे एक म्हातारी आपल्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाली, ‘सोरो प्यालेलो आसा.’ पुणे जिल्ह्यात आले तर इथल्या पोरांच्या तोंडी अख्खा कोश होता: टल्ली, टुन्न, फुल्ल, तर्राट, हवेत, विमान उडालंय, टांगा पलटी घोडे फरार. हवालदार कागदावर ‘मद्यप्राशन केलेला इसम’ लिहून आणतात आणि तोंडाने म्हणतात, ‘तर्र आहे, मॅडम.’ आमचे वॉर्डातले मामा एवढंच सांगतात, ‘टाकून आलाय.’

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतल्या रात्रपाळ्यांत माझ्या नोकरीचा मोठा भाग गेला. हे शब्द मी वहीत उतरवून ठेवू लागले, कारण ते मला उपयोगी पडत होते. पोरं आपल्या मित्राची अवस्था ज्या बारकाईने सांगतात, तेवढ्या बारकाईने लोक छातीतली कळसुद्धा सांगत नाहीत. ‘किक बसली’ म्हणजे माणूस बोलका झालाय, आवाज मोठा झालाय. ‘चढली’ म्हणजे जीभ जड झाली. ‘झिंगलाय’ म्हणजे पाय ताब्यात नाहीत. ‘टाइट’ म्हणजे उभा आहे, पण कुणाचं ऐकत नाही. ‘आउट’ म्हणजे आडवा. त्यापुढे टांगा पलटी होतो, म्हणजे हाक मारली तरी ओ नाही. रक्तातली दारू वाढत जाते तसा मेंदूचा एकेक भाग मंदावतो. आधी संकोच जातो, मग तोल, मग शुद्ध आणि सगळ्यात शेवटी श्वास. मित्रांनी रचलेल्या या शिडीच्या पायऱ्या जवळपास त्याच क्रमाने आहेत. फक्त शेवटच्या, श्वासाच्या पायरीला त्यांच्याकडे शब्द नाही.

म्हणून मी पोरांना विचारते, ‘किक किती वाजता बसली? आउट किती वाजता झाला?’ त्यांच्याच शब्दांत विचारलं की ती खरं सांगतात. ‘नऊला बसलो, साडेनऊपर्यंत ठीक होता, दहाला आउट’ असं उत्तर आलं की मी सावध होते. इतक्या थोड्या वेळात इतकी खाली गेलेली शुद्ध म्हणजे रिकाम्या पोटी भराभर घेतलेली दारू, आणि त्यातली बरीचशी अजून पोटातच आहे. शेवटचा घोट घेतल्यावरही अर्धा-एक तास, कधी त्याहून जास्त वेळ, रक्तातलं प्रमाण वाढतच राहतं. दहाला आउट झालेला मुलगा अकरा वाजता आणखी वाईट असू शकतो. अशा मुलाला कुशीवर झोपवायचं, उलटी घशात जाऊ नये म्हणून मान सांभाळायची आणि श्वास मोजत बसायचं. लिंबू पिळून पाजणं, ताक पाजणं, अंगावर बादलीभर पाणी ओतणं, घशात बोटं घालून उलटी करायला लावणं, यातल्या एकानेही दारू लवकर उतरत नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात ओतलेलं लिंबूपाणी फुप्फुसात गेलेलं मी पाहिलंय. दारूने जे झालं असतं त्याहून ते वाईट होतं.

या शब्दांचा खरा धोका दुसरीकडे आहे. ‘प्यायलाय’ हा शब्द एकदा उच्चारला की बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो. नातेवाईक निर्धास्त होतात, मामा स्ट्रेचर कोपऱ्यात सरकवतात, पोलीस खुर्चीवर बसतात. यवतमाळला आमच्या थोरल्या सिस्टर होत्या. त्यांचा नियम असा की तोंडाला कितीही वास येवो, आधी साखर बघायची. बैलबाजारातून एक मध्यमवयीन शेतकरी आणला होता, घामाने चिंब, बोलणं असंबद्ध, वास स्पष्ट. सोबतचे लोक म्हणत होते, ‘टाइट हाय, झोपू द्या.’ सिस्टरांनी बोट टोचलं, ग्लुकोमीटरवर आकडा आला ३८. ग्लुकोजची सिरिंज शिरेतून गेली आणि काही मिनिटांत तो उठून बसला आणि बैलांची चौकशी करू लागला. पहाटे त्याने मधुमेहाची गोळी घेतली होती, दिवसभर जेवण नव्हतं आणि दुपारी सौदा झाल्यावर एक क्वार्टर. यकृत दारू निपटण्यात गुंतलं की नवी साखर तयार करण्याचं त्याचं काम मागे पडतं. उपाशी माणसात त्यामुळे साखर कोसळते. म्हणजे लोक बोलत होते त्यात खोटं काही नव्हतं. तो प्यायलेलाच होता, आणि त्याच वेळी मरणाच्या वाटेवरही होता.

‘उतरेल’ हा तसाच दुसरा शब्द. ‘सकाळपर्यंत उतरेल, मग घेऊन जातो.’ दारू उतरण्याला ठरावीक वेग आहे. साधारणपणे दर तासाला शंभर मिलिलिटर रक्तामागे पंधरा ते वीस मिलिग्रॅम. त्या वेगाने माणूस तासातासाला थोडा थोडा वर यायला हवा. हाकेला ओ देणं, हात झटकणं, पाणी मागणं, शिवी देणं, काहीतरी वाढत जायला हवं. तसं झालं नाही, किंवा आधी बोलत होता तो गप्प होत गेला, तर ती नुसती दारू नाही. ते डोक्यातलं रक्त असू शकतं. मोटरसायकलवरून पडलेल्या प्यायलेल्या माणसाच्या बाबतीत मी ‘उतरेल’ हा शब्द कुणाला वापरूच देत नाही. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचा मेंदू थोडा आकसलेला असतो, रक्त गोठण्याची ताकद कमी झालेली असते, आणि ज्या पडण्याची त्याला आठवणही राहत नाही त्या पडण्याने कवटीच्या आत रक्त साचतं. दर तासाला डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या आणि शंका आली की सीटी स्कॅनसाठी जिल्ह्याला पाठवायचं.

आणि काही वेळा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन सांगतो की उतरतच नाही. पोटात कळा आहेत, धाप लागली आहे, डोळ्यांपुढे पांढरं धुकं आहे. हे ऐकलं की माझ्या मनात पहिलं नाव मिथेनॉलचं येतं. १९९१ च्या वर्षअखेरीला विक्रोळीत आणि २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने किती घरं उजाड झाली ते आमच्या पिढीच्या डॉक्टरांना सांगावं लागत नाही. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक ॲसिड व्हायला वेळ लागतो, म्हणून रात्री सगळे ‘नेहमीसारखे’ असतात. अशा वेळी एका पेशंटवर उपचार सुरू करतानाच त्याच गुत्त्यावर आणखी कोण कोण बसले होते त्यांना घरून उचलून आणावं लागतं.

हे सगळे पुरुषांचे शब्द झाले. बायकांची भाषा वेगळी आहे. तिच्यात विशेषणं नसतात, नुसती क्रियापदं असतात. ‘घेतात.’ ‘बसतात मित्रांबरोबर.’ ‘असतं त्यांचं थोडं.’ ‘आज जास्त झाली.’ दारू हा शब्दच वाक्यात नसतो. पंधरा वर्षं मार खाल्लेली बाई नवऱ्याबद्दल बोलताना ‘घेतात’ असं आदरार्थी बहुवचन वापरते, आणि तिच्या गालावरचा वळ मला दिसत असतो. ‘दारू पितात का?’ या सरळ प्रश्नाला कॅज्युअल्टीत बहुतेक वेळा ‘नाही’ हेच उत्तर येतं. त्या प्रश्नात आरोप ऐकू येतो आणि शेजारी सासू उभी असते. ‘शेवटची कधी घेतली?’ असं विचारलं की तीच बाई चटकन सांगते, ‘काल संध्याकाळी. आज हातात पैसे नव्हते.’ या एका वाक्यात मला हवं ते सगळं असतं: रोजची सवय आहे, आणि दारू थांबून किती तास झालेत.

मग माप. इथे मिलिलिटर कामाचे नाहीत. जुन्या माणसांना नवटाक आणि पावशेर कळतात, मधल्यांना क्वार्टर, नाइंटी, चपटी, खंबा, आणि हातभट्टी पिणारे फुगे मोजतात, कारण ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मिळते. मी त्यांच्याच मापात विचारते आणि हिशेब माझा मी करते. एकशे ऐंशी मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये साधारण साठ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. आठ टक्के अल्कोहोल असलेल्या स्ट्राँग बिअरच्या साडेसहाशेच्या एका बाटलीत चाळीस ग्रॅमच्या आसपास. दोन बाटल्या झाल्या की क्वार्टर मागे पडते. तरीही ‘दारू नाही हो मॅडम, फक्त बिअर’ हे वाक्य मला सुशिक्षित घरांतून सर्वांत जास्त ऐकायला मिळतं, आणि ते सांगणारा माणूस मनापासून सांगत असतो.

सर्वांत महत्त्वाचा शब्द मला एका हमालाच्या बायकोने दिला. ‘रात्रीची नसली तरी चालते, पण सकाळची लागते.’ मी विचारलं, कशाला? ‘हात धरायला.’ उठल्यावर हात इतके कापायचे की चहाचा कप तोंडापर्यंत जायचा नाही. थोडी पोटात गेली की हात थांबायचे, मग तो कामावर जायचा. ‘सकाळची’ या शब्दाइतकं अचूक निदान मला कुठल्याही छापील प्रश्नावलीत सापडलं नाही. ज्याची सकाळची आहे त्याचं शरीर दारूवर टेकलेलं आहे. त्याला कुणी टल्ली म्हणत नाही, टुन्न म्हणत नाही. तो झोकांड्या खात नाही. दारू पोटात असते तेव्हाच तो शहाण्यासारखा वागतो, म्हणून त्याचं दुखणं कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

पोलीस ‘मेडिकल’साठी माणूस घेऊन येतात तेव्हा वेगळीच शिस्त लागते. दारूबंदीचा कायदा १९४९ चा. त्याखाली माणसाला डॉक्टरपुढे उभं करायचं, डॉक्टरने तपासून फॉर्म बी भरायचा, रक्त घ्यायचं. तो फॉर्म मला आवडतो, हे मी मनापासून सांगते. त्यात एकाही विशेषणाला जागा नाही. श्वासाला वास आहे का, बोलणं अडखळतं का, चाल कशी आहे, बाहुल्या कशा आहेत, डोळे लाल आहेत का, हे एकेक करून बघायचं आणि मगच मत द्यायचं. मतही दोन वेगळ्या गोष्टींवर: मद्य सेवन केलं आहे का, आणि तो मद्याच्या अमलाखाली आहे का. ‘सेवन केले आहे, परंतु अमलाखाली नाही’ असं मी अनेकदा लिहिलंय आणि त्यावर सही केली आहे. रक्त घेताना स्पिरिटचा बोळा लावायचा नाही, त्वचा साबणपाण्याने पुसायची, बाटलीला सील लावायचं. वाहन चालवणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमची आहे, आणि ती मर्यादा ओलांडलेला माणूस पुष्कळदा कुणालाही प्यायलेला वाटत नाही. तर्र आणि टुन्न यांच्या कितीतरी अलीकडे माणूस रस्त्यावर दुसऱ्याचा जीव घेऊ शकतो.

३१ डिसेंबरनंतरच्या वर्तमानपत्रांत ‘तळीरामांवर कारवाई’ असा मथळा हमखास असतो. तो शब्द वाचला की मला वाईट वाटतं. राम गणेश गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’त तळीराम लिहिला. त्याच्या तोंडी विनोद दिले हे खरं, पण त्याला आजारी पाडून अंथरुणालाही खिळवलं, आणि त्याच्या नादाने नायक सुधाकराच्या संसाराची काय माती झाली तेही दाखवलं. नाटकातलं एवढं सगळं बाजूला पडलं आणि मथळ्यापुरतं एक हसतमुख नाव उरलं. गटारीच्या विनोदांचंही तसंच. आपल्याकडे पिण्याबद्दलचे जवळजवळ सगळे शब्द त्या एका रात्रीचे आहेत. चढणं, लागणं, झिंगणं, उतरणं, सगळं रात्री सुरू होतं आणि सकाळी संपतं. मी ज्या मृत्यूंना सर्वांत जास्त घाबरते ते रात्री होत नाहीत. ते तिसऱ्या दिवशी होतात.

एक गवंडी परांचीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. त्याला ऑर्थोपेडिक वॉर्डात वजन लावून झोपवलं. पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी तो चिडचिड करू लागला, अंगाला घाम, चहाचा ग्लास हातात ठरेना. सिस्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं. तिसऱ्या रात्री मला बोलावणं आलं तेव्हा तो चादरीवरून काहीतरी वेचत होता. मुंग्या, म्हणाला. मध्येच वर बघून कुणा मजुराला विटा चढवायला सांगत होता. मोडलेल्या पायाचं वजन ओढत खाली उतरू बघत होता. आईने त्याच्या कपाळाला अंगारा लावला होता. ‘ह्या कॉटवर आधी कुणी गेलंय का, बाई? माझ्या लेकाला बाहेरचं झालंय.’ नाडी एकशे तीस, अंग तापलेलं, आपण कुठे आहोत ते त्याला ठाऊक नाही. मी आईला बाजूला घेऊन विचारलं, ‘मावशी, ह्यानं शेवटची कधी घेतली?’ ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, ‘पडला त्या दिवशी सकाळी. सकाळची लागते त्याला.’

याला डॉक्टरी भाषेत डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, इंटर्न मुलं डीटी म्हणतात. दारू वर्षानुवर्षं मेंदूला मंद करत राहते, म्हणून मेंदू आपली उत्तेजना वाढवून घेतो. दारू एकदम बंद झाली की ती वाढलेली उत्तेजना तेवढी उरते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण अठ्ठेचाळीस ते शहाण्णव तासांत हा भ्रम सुरू होतो. उपचार मिळाले नाहीत तर जीव जातो, आणि उपचार तर आमच्या साध्या रुग्णालयातही आहेत: डायझेपामच्या जातीची औषधं, शिरेतून द्रव आणि थायमिन, म्हणजे ‘ब१’ जीवनसत्त्व. गवंडी दोन दिवसांनी शुद्धीवर आला. त्या रात्रीचं त्याला काही आठवत नव्हतं. आईचा अंगारा मी पुसायला लावला नाही. तिला मी एवढंच नीट समजावलं की पुढच्या वेळी घरी असं झालं तर आधी इकडे आणायचं, मग देवाला न्यायचं.

घरच्या बोलीत या अवस्थेला ‘वेड लागलं’, ‘लागीर झालं’, ‘भुतं दिसतात’ असं म्हणतात. सगळ्यांत जास्त ऐकू येतं ते ‘दारू डोक्यात गेली’, आणि ते नेमकं अशा वेळी म्हटलं जातं जेव्हा दारू डोक्यातून गेलेली असते. त्यामुळे घरचे त्याला दारूपासून आणखी लांब ठेवतात. खोलीत कोंडतात, बांधून ठेवतात. तिसऱ्या दिवसाला स्वतंत्र नाव नसल्याने तो ओळखला जात नाही.

त्याच्यानंतरचं एक दुखणं तर आणखी फसवं. रोज पिणारा माणूस जेवत नाही, त्याच्या शरीरातलं थायमिन संपतं. मग चालताना तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, बोलण्याचा धागा सुटतो. या वेर्निकेच्या आजाराचा माणूस बघणाऱ्याला हुबेहूब प्यायलेला वाटतो. आठवडाभर थेंब न घेतलेल्या एकाला शेजाऱ्यांनी ‘पुन्हा ढोसून आला’ म्हणून ओट्यावरच बसवून ठेवलं होतं. बायको म्हणत होती, नाही हो, शपथ घेतली आहे त्यांनी. तिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. ती खरं बोलत होती. वेळेत थायमिन मिळालं तर डोळे आणि चाल सुधारतात. उशीर झाला तर स्मृती कायमची जाते.

कॅज्युअल्टीला स्वतःचं पंचांग असतं. आषाढी अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस, तिलाच लोक गटारी म्हणतात. त्या रात्री अपघात आणि मारामाऱ्या. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तेच, कोकणात शिमग्याला तेच. या रात्रींसाठी ड्यूटी वाढवतात, टाके घालायचं सामान मागवून ठेवतात. पण गटारीनंतर श्रावण लागतो. रोज पिणारी, सकाळची लागणारी माणसंही त्या दिवशी देवापुढे उभी राहून महिनाभर सोडतात. घरात आनंद असतो, आई डोळे पुसते, बायको गोडधोड करते. आणि श्रावणाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या दारात जीप थांबते. आतला माणूस हवेत हात फिरवत असतो आणि सगळे सांगतात, ‘प्यायलेला नाही मॅडम, श्रावण धरलाय.’ माळ घालणाऱ्यांचंही असं होतं. गळ्यात तुळशीची माळ पडल्यावर जन्मभर थेंबाला न शिवलेली माणसं मी पाहिली आहेत. त्या माळेत जी ताकद आहे ती माझ्या कुठल्याही गोळीत नाही. मला माळ घालणाऱ्याकडून फक्त सुरुवातीचे चार-पाच दिवस हवे असतात. पोलीस कोठडीतही हा तिसरा दिवस येतो, लांबच्या यात्रेतही येतो. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदीत दारूची दुकानं बंद झाली तेव्हा तो एकाच वेळी साऱ्या राज्यात आला. बाहेर सगळे करोनाबद्दल बोलत होते आणि आमच्याकडे थरथरणारे हात घेऊन माणसं येत होती.

गावच्या बायकांनी या विषयात एक स्वतःचा शब्द आणला आहे आणि त्याचा मला फार आदर आहे: आडवी बाटली. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की दारूचं दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. एका बाळंतिणीला तपासत असताना तिची सासू मला म्हणाली, ‘आमी परवाच्याला बाटली आडवी केली, बाई.’ रात्री घराबाहेर न पडणाऱ्या त्या बाईने दिवसाढवळ्या रांगेत उभं राहून हे केलं होतं. ‘घेतात’ म्हणून अर्ध्यावर सोडलेलं वाक्य तिने त्या चिठ्ठीवर पूर्ण केलं होतं. मी तिचे हात हातात घेतले. आणि लगेच विचारलं, दुकानाला कुलूप कोणत्या दिवशी लागणार? कारण त्या गावचा तिसरा दिवस मला मोजायचा होता.

आता मी हे काम कॅज्युअल्टीत बसून राहण्यापेक्षा गावात जाऊन करते. दर महिन्याला आशा सेविकांची बैठक असते. आषाढातल्या बैठकीत लसीकरण आणि बाळंतपणाच्या नोंदी आटोपल्या की अर्धा तास मी मागून घेते. दारू वाईट हे त्यांना सांगण्यात मी वेळ घालवत नाही. ते त्यांनी आपल्या घरात पाहिलेलं आहे. मी तीन प्रश्न शिकवते. शेवटची कधी घेतली, सकाळची लागते का, आणि आधी कधी सोडली होती तेव्हा फिट आली होती का किंवा भुतं दिसली होती का. एकदा असं झालेल्याला पुन्हा तेच होण्याची शक्यता जास्त असते. असा माणूस सोडतो म्हणाला तर त्याला अडवायचं नाही, त्याचं मनापासून कौतुक करायचं आणि पहिल्याच दिवशी आमच्याकडे पाठवायचं. घरात कुणी त्याच्या नकळत भाजीत ‘सोडायचं औषध’ कालवत असेल तर तेही सांगायचं, कारण त्यावर दारू घेतली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो.

सोडणाऱ्यांशी नंतर कसं बोलायचं हे मी पुण्याच्या मुक्तांगणमध्ये जाऊन आलेल्या पेशंटांकडून शिकले. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या त्या व्यसनमुक्ती केंद्रातून आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांतून परतलेली माणसं ‘बेवडा झालो’ म्हणत नाहीत, ‘स्लिप झाली’ म्हणतात. घसरलेला माणूस उठू शकतो. ओपीडीत एकजण मान खाली घालून म्हणाला, ‘मॅडम, स्लिप झाली.’ मी विचारलं, शेवटची कधी? त्याने तारीख आणि वेळ दोन्ही सांगितलं. आम्ही पुढचं ठरवायला लागलो. त्याच्या बायकोनेही खुर्ची पुढे ओढली.

या वर्षी दिव्यांच्या अवसेच्या आदल्या संध्याकाळी डोंगरापलीकडच्या वाडीतल्या आशाताईंचा फोन आला. वाऱ्याने शब्द तुटत होते, पण त्या घाईने सगळं सांगत होत्या. ‘मॅडम, आमच्याकडे तिघं श्रावण धरतायत. दोघं आठवड्याचे आहेत, बाजाराच्या दिवशी घेतात फक्त. तिसऱ्याची सकाळची आहे. मागल्या वर्षी त्याला दुसऱ्या दिवशी फिट आली होती, घरच्यांनी कांदा हुंगवला. उद्या दुपारची जीप आहे, पाठवू का?’ मी म्हटलं, तिसऱ्याला पाठवा, बायकोलाही सोबत पाठवा, आणि बाकीच्या दोघांना माझ्याकडून शाबासकी सांगा. मग सिस्टरांना फोन लावून पुरुष वॉर्डात दाराजवळची एक कॉट राखायला सांगितली आणि स्टोअरमध्ये थायमिनच्या किती अँप्युल शिल्लक आहेत ते विचारलं.